हौशी खगोल मंडळाचे देवघेव ग्रंथालय

इ. स. १९२६ च्या सुमारास सहा इंची भिंगाची एक दुर्बीण अमेरिकेतून बंगालमधील यशोहर या गावी पाठविण्यात आली. ती कोणत्याही विद्यापीठासाठी अथवा वेधशाळेसाठी नव्हती. यशोहरच्या जिल्हा कचेरीतील खजिन्यात काम करणारे एक साधे कर्मचारी, राधागोविंद चंद्र, यांच्याकरिता ती आली होती. प्रवेश परीक्षेत वारंवार अपयश आल्यामुळे चंद्र यांचे औपचारिक शिक्षण अर्ध्यावरच थांबले होते. दुर्बीण पाठविणारी संस्था होती रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही दुर्बीण त्यांना बक्षीस म्हणून मिळाली नव्हती, ती उसनी देण्यात आली होती.

त्यापूर्वीचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. यशोहरमधील वकील कालीनाथ मुखर्जी हे खगोलाचे अभ्यासक होते व त्यांनी ताऱ्यांचे नकाशे तयार केले होते. त्यांच्या सहवासात चंद्र यांना आकाशाची ओळख झाली. १९१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून तीन इंची दुर्बीण विकत घेतली आणि जून १९१८ मध्ये गरुड मंडलात एकाएकी उजळलेला नवतारा स्वतंत्रपणे पाहिला. या वेधातून हार्वर्ड वेधशाळेशी आणि पुढे उपरोक्त संघटनेशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १९५४ पर्यंत रूपविकारी ताऱ्यांची सुमारे ३७ हजार निरीक्षणे त्यांनी संघटनेकडे पाठविली. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये बारासात येथे आले, तेव्हा दुर्बीणही त्यांच्याबरोबर आली. त्यांनी निरीक्षण थांबविल्यावर संघटनेच्या सूचनेप्रमाणे ती वैनू बाप्पू यांच्याकडे नैनीताल येथे सुपूर्त करण्यात आली आणि पुढे तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत गेली. जवळजवळ तीन दशके एका खाजगी घरात राहिलेली ही वस्तू हरवली नाही, विकली गेली नाही व वारसांच्या वाटणीतही गेली नाही. ती कोणाची आहे, कोणाकडे आहे आणि तेथून कोठे जावयाची आहे, हे सर्व संबंधितांना सदैव ठाऊक होते.

हौशी खगोल मंडळाने देवघेवीचे ग्रंथालय सुरू करावयाचे म्हणजे याच तीन प्रश्नांची उत्तरे नेहमी तयार ठेवावयाची. पुस्तके जमविणे हे काम त्या मानाने सोपे आहे.

खगोलप्रेमींच्या संस्थांना ग्रंथ व उपकरणे उसनी देण्याची प्रथा नवीन नाही. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनने ग्रंथालयाबरोबरच उपकरणांचा संग्रह जोपासला आणि त्यातील दुर्बिणी सभासदांना वापरावयास दिल्या. भारतात १९१० मध्ये, हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या वर्षी, कलकत्त्याला एक खगोल संस्था स्थापन झाली, परंतु ती फार काळ टिकली नाही. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली आणि आजही कार्यरत आहे. संस्था टिकण्याची वा न टिकण्याची कारणे अनेक असतात. मात्र जी संस्था मोडते तिचे ग्रंथ कोठे जातात, हा प्रश्न प्रत्येक नव्या मंडळाने आरंभीच स्वतःला विचारावा. बहुतेक ठिकाणी ते कोणा एका उत्साही चिटणीसाच्या घरी असतात. चिटणीसांची बदली होते, किंवा त्यांचे निधन होते. घरच्या मंडळींना ती पुस्तके संस्थेची आहेत हे माहीत नसते आणि काही महिन्यांतच ती रद्दीच्या दुकानात पोहोचतात. यात अप्रामाणिकपणा क्वचितच असतो. पुस्तकावर शिक्का नसतो व वहीत नोंद नसते, एवढेच.

म्हणून पहिले पुस्तक कपाटात ठेवण्यापूर्वी दाखल नोंदवही आखावी. प्रत्येक ग्रंथास येण्याच्या क्रमाने एक दाखल क्रमांक द्यावा आणि त्यापुढे दिनांक, ग्रंथकर्ता, शीर्षक, प्रकाशनवर्ष, किंमत व ग्रंथ कोठून आला याची नोंद करावी. एकदा दिलेला क्रमांक ग्रंथ नाहीसा झाला तरी दुसऱ्यास देऊ नये. मंडळाचा शिक्का शीर्षकपृष्ठावर आणि आतील एका ठरावीक पृष्ठावर उमटवावा, कारण शीर्षकपृष्ठ फाटण्याचा किंवा फाडले जाण्याचा संभव असतो. दात्याने ग्रंथ भेट दिला आहे की केवळ ठेवावयास दिला आहे, हे त्याच्या स्वाक्षरीनिशी लिहून घ्यावे. ज्येष्ठ सभासदांच्या बाबतीत असे कागद करणे अनेकांना संकोचाचे वाटते, तथापि हा संकोच पुढे महागात पडतो. मंडळ नोंदणीकृत असेल तर ग्रंथ व उपकरणे ही संस्थेची मालमत्ता म्हणून वार्षिक ताळेबंदात दाखवावीत. नोंदणी झालेली नसेल, तर मंडळ विसर्जित झाल्यास संग्रह कोणत्या सार्वजनिक ग्रंथालयास अथवा महाविद्यालयास द्यावयाचा, याचा ठराव पहिल्याच सभेत करून ठेवावा.

आता ग्रंथांच्या निवडीकडे वळू. खगोलविषयक ग्रंथांचा एक विशेष असा की, त्यांतील काही फार लवकर शिळे होतात आणि काही शंभर वर्षांनंतरही उपयोगी पडतात. ग्रंथपालाला हा भेद ओळखता आला पाहिजे. ग्रहमालेविषयीचे १९७५ चे पुस्तक शनीच्या उपग्रहांची जी संख्या सांगते, तिचा आज मेळ बसत नाही. ही संख्या आता अडीचशेच्या पुढे गेली आहे. प्लूटोला नववा ग्रह मानणारी पुस्तके ऑगस्ट २००६ मधील प्राग येथील आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या निर्णयाने एका दिवसात जुनी झाली. याउलट आरसा घासून दुर्बीण कशी तयार करावी हे सांगणारे जुने पुस्तक आजही तितकेच खरे आहे. काच, घर्षणचूर्ण आणि हाताची गती यांत काही बदल झालेला नाही. चंद्राच्या पृष्ठभागाचे नकाशेही दीर्घकाळ उपयोगी पडतात.

तारकानकाशांची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या दिशेत मंद बदल होत असल्याने संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५०.३ विकलांनी सरकतो आणि त्यामुळे ताऱ्यांचे विषुवांश व क्रांती ही बदलत जातात. जुने नकाशे बहुधा १९५० या वर्षासाठी आखलेले असतात, तर अलीकडचे २००० या वर्षासाठी. या पन्नास वर्षांतील अंतर सुमारे ४२ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या व्यासाहूनही अधिक आहे. नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखणाऱ्यास हा फरक जाणवणार नाही. परंतु दुर्बिणीची वर्तुळे मोजपट्टीवर लावून एखादी अंधुक तेजोमेघिका शोधणाऱ्यास तो फसवील. तेव्हा जुना नकाशा टाकून देऊ नये. तो कोणत्या वर्षाचा आहे हे वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहावे आणि नवशिक्यांसाठी ठेवावा. नॉर्टनच्या तारकासंग्रहासारख्या ग्रंथाच्या, जो प्रथम १९१० मध्ये निघाला व वेळोवेळी सुधारला गेला, दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर संपातचलन म्हणजे काय हे सभासदाला व्याख्यानावाचून कळते.

दरवर्षी निघणाऱ्या ग्रहस्थितीच्या पुस्तकांविषयी एक गैरसमज आढळतो. वर्ष संपले की ती निरुपयोगी झाली असे समजून कित्येक मंडळे ती काढून टाकतात. परंतु सभासदाने चार वर्षांपूर्वी नोंदविलेला ग्रह खरोखर तो ग्रहच होता की एखादा तारा, हे पडताळून पाहण्यास त्याच वर्षाचे पुस्तक लागते. भारत सरकारतर्फे १९५७ पासून निघणारे राष्ट्रीय पंचांग व खगोलीय स्थितीचे वार्षिक कोष्टक यांचे जुने अंक म्हणून जपून ठेवावेत. ते घरी न्यावयास देऊ नयेत, ग्रंथालयातच पाहू द्यावेत.

भेट म्हणून येणाऱ्या पुस्तकांच्या बाबतीत भारतातील मंडळांपुढे एक खास अडचण उभी राहते. ‘ज्योतिष’ हा शब्द आपल्या भाषांत गणित व फल या दोन्ही अर्थांनी रूढ असल्यामुळे पुष्कळ दाते सद्भावनेने जातकाची व मुहूर्ताची पुस्तके आणून देतात. ती नम्रतेने परत करावीत. भिडेखातर ती कपाटात ठेवली, तर नवा सभासद मंडळाच्या हेतूविषयी साशंक होतो. पण ही चाळणी आंधळेपणाने लावू नये. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठी इतिहासग्रंथ केवळ नावामुळे बाजूस सारला जाणे ही शरमेची गोष्ट ठरेल. वराहमिहिराची ‘पञ्चसिद्धान्तिका’ खगोलाच्या कपाटात येते, हे निर्विवाद आहे. त्याच्याच ‘बृहत्संहिते’त धूमकेतू व ग्रहणे यांच्याबरोबर शकुनांचीही प्रकरणे आहेत. तिला कोठे स्थान द्यावे याविषयी दोन समंजस माणसांचे मत भिन्न असू शकेल. इतिहासाच्या विभागात ती ठेवण्यास हरकत नसावी.

वर्गीकरणासाठी ड्यूई यांची दशांश पद्धती पुरेशी आहे. तीत खगोलास ५२० पासूनचे अंक दिलेले आहेत. ५२२ मध्ये उपकरणे व वेधपद्धती, ५२३ मध्ये प्रत्यक्ष ज्योती आणि त्यातही ५२३.३ चंद्रास, ५२३.७ सूर्यास, ५२३.८ ताऱ्यांस असे विभाग आहेत. दोनशे पुस्तकांच्या संग्रहास याहून बारीक अंक लावण्यात श्रम व्यर्थ जातात. पुस्तके उघड्या फळ्यांवर ठेवावीत व सभासदांना स्वतः हाताळू द्यावीत. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झालेले डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांत ग्रंथ हे वापरासाठी आहेत हे पहिले आणि प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा हे दुसरे. दुसरे सूत्र खगोल मंडळांनी विशेष मनावर घ्यावयास हवे. मंडळाचे निम्मेअधिक सभासद शाळकरी असतात आणि कपाटातील नव्वद टक्के पुस्तके इंग्रजी असतात, असे दृश्य विरळा नाही. अशा ग्रंथालयाच्या नोंदवहीत मुलांची नावे एकदा दिसतात, दुसऱ्यांदा दिसत नाहीत. जयंत नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’सारखी मातृभाषेतील पुस्तके एकाऐवजी दोन-तीन प्रतींत घ्यावीत आणि त्यासाठी एखादा महागडा परदेशी चित्रसंग्रह घेण्याचे लांबणीवर टाकावे.

देवघेवीची पद्धत जितकी साधी तितकी ती टिकते. प्रत्येक ग्रंथात एक कार्ड असावे, त्यावर दाखल क्रमांक व शीर्षक असावे. प्रत्येक सभासदास त्याच्या नावाचा जाड कागदाचा एक लहानसा खिसा करून द्यावा. ग्रंथ देताना त्यातील कार्ड सभासदाच्या खिशात घालून तो परतीच्या तारखेच्या क्रमाने पेटीत ठेवावा आणि तीच तारीख ग्रंथाला चिकटविलेल्या चिठ्ठीवर टाकावी. पेटीकडे पाहताच कोणता ग्रंथ कोणाकडे आहे व कोणाची मुदत टळली आहे, हे कळते. आज हीच नोंद संगणकावर ठेवता येते व ठेवावी, परंतु आकाशदर्शनाच्या माळरानावर पेटीच अधिक विश्वासू ठरते.

माळरानाचा उल्लेख आला म्हणून एक छोटी सूचना. निरीक्षणाच्या रात्री डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून तांबड्या प्रकाशाचा दिवा वापरतात. तांबड्या शाईने टाकलेला शिक्का किंवा तारीख अशा प्रकाशात मुळीच दिसत नाही, आणि नकाशावर तांबड्या शाईत छापलेल्या आकृत्यांचीही तीच गत होते. तारखा निळ्या किंवा काळ्या शाईने टाकाव्यात. ग्रंथांची देवघेव अंधार पडण्यापूर्वीच आटोपावी. दवाने ओला झालेला ग्रंथ पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून उघड्यावर नेण्यासाठी मंडळाने स्वतः काढलेले नकाशे प्लॅस्टिकच्या आवरणात घालून वेगळे ठेवावेत. भ्रमणध्वनीवरील नकाशांनी हे काम होते असे पुष्कळांना वाटते. मात्र त्याचा पडदा एकदा पूर्ण उजेडाने झळकला की डोळे पूर्ववत सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात.

पुस्तकांची मुदत किती असावी? सार्वजनिक ग्रंथालयांत ती सात किंवा पंधरा दिवसांची असते. खगोल मंडळास चंद्राचे वेळापत्रक अधिक सोयीचे. मासिक सभा अमावास्येच्या जवळच्या शनिवारी भरत असेल, तर ग्रंथ एका सभेपासून पुढील सभेपर्यंत द्यावेत. परतीची तारीख कोणालाही वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. उपकरणांचे गणित नेमके उलट आहे. दुर्बीण शुक्ल पक्षाच्या उत्तरार्धात नेली तर चांदण्यामुळे तेजोमेघ व तारकागुच्छ पाहण्यास ती निरुपयोगी ठरते. ज्यांना चंद्रावरील विवरे पाहावयाची आहेत, त्यांना मात्र तेच दिवस हवे असतात. या दोन प्रकारच्या मागण्या ओळखून पाळ्या लावल्या, तर एकच दुर्बीण महिन्यात दोन घरी जाते व कोणाचाच खोळंबा होत नाही.

उपकरणे उसनी देण्यास अनेक कार्यकारिणी बिचकतात. त्यांची भीती अनाठायी नाही, पण तिच्यावर उपाय आहेत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या खगोल संस्थेने २००८ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना लहान दुर्बिणी देण्याचा उपक्रम सुरू केला. साडेचार इंची आरशाची, टेबलावर ठेवता येणारी ही दुर्बीण पुस्तकाप्रमाणे घरी नेता येते. तिच्यात केलेले बदल पाहण्यासारखे आहेत. निरनिराळ्या नेत्रिका सुट्या देण्याऐवजी विशालन कमीजास्त करता येणारी एकच नेत्रिका कायमची बसविली आहे आणि झाकणे दोरीने बांधली आहेत. जे सुटे असते ते हरवते, एवढ्या एका अनुभवावर ही सारी रचना आधारलेली आहे. भारतातील मंडळांना हे बदल घरच्या हत्यारांनी करता येण्याजोगे आहेत.

सुरुवात मात्र द्विनेत्रीपासून करावी. ती स्वस्त, दणकट व समजण्यास सोपी असते. ७×५० आणि १०×५० या दोन मापांपैकी पहिलीतून बाहेर पडणारा प्रकाशझोत सुमारे ७ मिलिमीटर रुंद असतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात तितकी विस्फारते, परंतु वयानुसार ती लहान होत जाते व उरलेला प्रकाश वाया जातो. म्हणून ज्येष्ठ सभासदास १०×५० द्यावी, हात कापत असल्यास तिपाईसह. उपकरण कोणास योग्य हे सांगणे हा ग्रंथपालाच्या कामाचाच भाग आहे. वस्तू पहिल्यांदा नेणाऱ्या सभासदास ती एकदा स्वतः उघडून, जुळवून व बंद करून दाखवावयास सांगावे आणि सोबत एक वही द्यावी, जीत प्रत्येकाने आपण काय पाहिले व उपकरणात काय बिघाड आढळला हे लिहावे. मागील सभासदाने लिहिलेले वाचून पुढच्याचे पाहणे सुधारते, असा अनुभव येतो.

सूर्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नको. दुर्बिणीतून वा द्विनेत्रीतून सूर्याकडे क्षणभर पाहिल्यानेही दृष्टी कायमची जाऊ शकते. नेत्रिकेवर बसविण्याची जुन्या पद्धतीची काळी काच उष्णतेने तडकते. ती संग्रहात आढळल्यास ताबडतोब नष्ट करावी. गाळणी नेहमी दुर्बिणीच्या पुढील तोंडावर घट्ट बसणारी असावी. २२ जुलै २००९ च्या खग्रास आणि २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणांसारख्या दिवशी प्रत्येक सभासदाला घरी दुर्बीण हवी असते. अशा दिवशी एकही उपकरण कोणालाही देऊ नये व ती सर्व जाणत्या सभासदांच्या देखरेखीखाली एकत्र वापरावीत, असा लेखी नियम असावा. नियम लेखी असला म्हणजे नकार देणाऱ्यावर रोष येत नाही.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर व मध्य भारतात जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो. या महिन्यांत ग्रंथांची मागणी वाढते आणि उपकरणे कपाटात परत येतात. नेमका हाच काळ त्यांना घातक ठरतो. दमट हवेत भिंगावर बुरशीचे जाळे पसरते व ते वेळीच न काढल्यास काचेवरील लेप कायमचा खराब होतो. चामड्याच्या पेटीत ओलावा धरून राहतो, म्हणून उपकरणे पेटीबाहेर, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या खड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. खडे ओलसर झाले की तापवून पुन्हा वापरावेत. ग्रंथांसाठी हवेशीर कपाट, भिंतीपासून चार बोटे अंतर आणि आठवड्यातून एकदा हाताळणे ही औषधाच्या गोळ्यांपेक्षा गुणकारी काळजी होय. कसर व वाळवी न हललेल्या पुस्तकांत घर करतात.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपताना, संग्रहाची पडताळणी करावी. दोन सभासदांनी दाखल नोंदवही घेऊन एक क्रमांक वाचावा व दुसऱ्याने वस्तू दाखवावी. दोघांपैकी एकही ग्रंथपाल नसावा. जे सापडत नाही त्याचा तीन महिने शोध घ्यावा आणि त्यानंतरच कार्यकारिणीच्या ठरावाने ते निर्लेखित करावे. निर्लेखित ग्रंथाच्या नोंदीवर तांबड्या शाईची एक रेघ ओढून ठरावाची तारीख लिहावी. नोंद खोडून मात्र टाकू नये, कारण असा ग्रंथ कित्येकदा पाच-सात वर्षांनी एखाद्या सभासदाच्या माळ्यावरून परत येतो आणि त्याला आपला जुनाच क्रमांक द्यावयाचा असतो.